पेवातली पणती

धोंडीबाला बोलतं करायचं म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. त्याची बायको हौसाबाई म्हणायची, "ह्यांच्या तोंडाला देवानं कुलूप घातलं अन् किल्ली टाकली कृष्णेत." रंगाच्या कंपनीत एकदा युनियनवाल्यांनी त्याच्या हातात माइक दिला, तर हा 'नमस्कार' म्हणाला आणि खाली बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याचं जन्मभराचं धोरण. लोक त्याला शहाणा समजत. मुठीत काय आहे, हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं नसतं.

डोंबिवलीच्या त्या कंपनीत त्यानं एकतीस वर्षं पिंपं धुतली. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा कधी कानाच्या पाळ्या निळ्या, कधी नखं पिवळी. मग कंपनी गुजरातेत गेली आणि धोंडीबा ठाकुर्लीच्या खोलीत बसून राहिला. छप्पन्नाव्या वर्षी कोण काम देणार? एका सोसायटीच्या गेटवर शिट्टी गळ्यात अडकवून सहा महिने उभा राहिला. तेवढ्यात कंपनीतल्या जुन्या सुपरवायझरनं कळवलं की शीळफाट्याजवळ एक पोरगा वाइन करतोय आणि त्याला हौद धुणारा विश्वासाचा माणूस हवाय.

तो पोरगा म्हणजे स्वानंद. डोंबिवलीचाच, शिकल्यासवरल्या घरातला, इंजिनीअर. दोन वर्षं इटलीत जाऊन एका म्हाताऱ्याच्या हाताखाली वाइन शिकून आलेला. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यानं एक गाळा घेतला होता. एका बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला सायलेन्सर दुरुस्त करणारा. असल्या जागी द्राक्षाचं नाव काढणंही विनोदच. पण स्वानंदनं जमिनीत बारा-बारा फूट खोल तीन सिमेंटचे हौद बांधून घेतले होते, कारण त्या म्हाताऱ्याकडे तसेच होते आणि वरच्या पत्र्याची धग खाली पोचत नाही. प्रत्येकाला वर माणूस जेमतेम आत जाईल एवढंच गोल तोंड, त्यावर झाकण.

पहिल्याच दिवशी धोंडीबानं त्या तोंडातून खाली वाकून पाहिलं आणि मागे सरला.

"हे तर पेव," तो म्हणाला.

"म्हणजे काय, काका?"

"आमच्या सांगलीकडं हळद ठेवायची असली पेवं असत्यात. जमिनीत." एवढं बोलून त्यानं झाडू उचलला.

स्वानंद मात्र त्या शब्दावर इतका खूश झाला की वाइनचं नावच 'पेव' ठेवलं. पहिल्या वर्षी बाराशे बाटल्या निघाल्या, सगळ्या हातानं भरलेल्या.

कामाची रीत अशी. फेब्रुवारीत नाशिककडून तीन जातींची काळी द्राक्षं यायची. बरीचशी चुरडून सालासकट हौदात जायची आणि तिथे आंबायची. उरलेली, निवडक घडांची द्राक्षं बांबूच्या ताट्यांवर पसरायची. सहा आठवडे ती सुकत पडायची, पार बेदाणा होऊ द्यायची नाहीत, सुरकुतली की बास. बेदाणे सुकवणं धोंडीबानं लहानपणी पाहिलं होतं, त्यामुळे ताट्या त्याच्याकडेच आल्या. तोवर हौदातली वाइन आंबून निवांत झालेली असायची. मग ही सुकी द्राक्षं त्यात सोडायची की झोपलेली वाइन परत जागी व्हायची. स्वानंद त्याला काहीतरी इटालियन नाव घ्यायचा. धोंडीबा म्हणायचा 'उठवणं'. पहिल्या खेपेला हौद रटरट वाजतो, फेस धरतो. उठवलेला हौद आवाज करत नाही. वरून बघणाऱ्याला तो मेल्यासारखा गार दिसतो, आणि आत आठ-पंधरा दिवस काम चालूच असतं.

धोंडीबानं आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता. पण रंगाच्या कंपनीत डोळा तयार झालेला. पांढऱ्या बशीत चमचाभर वाइन घेऊन तो नुसतं बघून सांगायचा, "अजून दोन दिस." स्वानंद यंत्रानं तपासायचा, आणि दोन दिवसच निघायचे. म्हातारपणी माणसाला आपली किंमत कळावी, तसा तो त्या गाळ्यात ताठ चालायला लागला होता.

वाइन पंपानं उपसली की तळाला सालांचा चोथा उरायचा. तो काढायला शिडीनं कुणीतरी आत उतरायचं आणि बादल्या भरून वर द्यायच्या. त्या आधी धोंडीबाचा एक विधी असे. हौदाच्या कडेला हळदीकुंकू वाहायचं. डब्याला तार बांधून त्यात तेलाची पणती ठेवायची, ती सुतळीनं तळापर्यंत सोडायची आणि हात जोडून मनात शंभर आकडे मोजायचे. पणती जळत राहिली तर शिडी लावायची. विझली तर म्हणायचं, "देव आज नको म्हणतोय." मग हौदात पंख्याची नळी सोडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पणती.

"धोंडीबाच्या देवाला आज कॅज्युअल लीव्ह," असं म्हणून बाकीचे हसायचे. धोंडीबाही हसायचा.

आता मुठीतलं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गावी त्याचा बाप आणि थोरला भाऊ पेवं उपसायचे. बंद पेवात विषारी हवा साठते, म्हणून माणूस उतरायच्या आधी कंदील सोडायची पद्धत. कंदील विझला तर आत माणूसही विझतो. कंदील सोडायचं काम सोळा वर्षांच्या धोंडीबाचं. एके दिवशी त्यानं सोडलेला कंदील मध्येच विझला. आदल्या दिवशी त्यात तेल घालायचा त्यानं आळस केला होता. त्याला वाटलं, तेलच संपलं. बापाचा मार चुकवायला तो ओरडला, "काय न्हाई दादा, तेल संपलंया, उतर तू." दादा उतरला. नंतर कंदील वर ओढला तेव्हा त्यात निम्मं तेल होतं.

हे बापाला कळलं नाही. आईला, हौसाबाईला, कुणालाच नाही. दोन महिन्यांत धोंडीबानं गाव सोडलं. चाळीस वर्षांनी शीळफाट्याला तसलंच भोक समोर आलं तेव्हा त्यानं दिवा सोडायचं एकदाही चुकवलं नाही, पण कारण विचारल्यावर दादाचं नाव घ्यावं लागलं असतं. म्हणून त्यानं हळदीकुंकू वाहिलं आणि देवाचं नाव घेतलं. देवाला कोण उलटून विचारतो?

दुसऱ्या वर्षी त्यानं जावयाला, सुदेशला, कामाला लावलं. सुदेश आधी कुरियरचा टेम्पो चालवायचा. हसरा, कष्टाळू, सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस. धोंडीबाची मुलगी समीक्षा आणि तो दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, आणि त्यांची सहा वर्षांची श्रिया शाळेतून थेट आजीकडे यायची. सासरा-जावई एकाच डब्यात जेवायचे. सुदेश त्याला मामा म्हणायचा आणि मामा जे करील ते बघून करायचा. मामा पणतीला हात जोडायचा, म्हणून सुदेशही जोडायचा.

स्वानंदला पणतीमागचं शास्त्र पक्कं ठाऊक होतं. इटलीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात. त्यानं भिंतीवर सूचनांची पाटीही लावली होती, सगळी इंग्रजीत. हवा मोजायचं मीटर आणलं होतं, ते बिघडून दुरुस्तीला गेलं ते तिकडेच राहिलं. जुना माणूस दिवा सोडतोय, म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत आहे, असं तो धरून चालला होता. शिकलेल्या माणसाचा आळस असा असतो, त्याला विश्वास असं गोंडस नाव देता येतं.

गाळ्यात पाहुणे वाइन चाखायला यायचे, ती बाजू सोनल बघायची. तिला पणतीचा विधी फार आवडला. तिनं त्याचा व्हिडिओ काढला, लेबलवर पणतीचं चित्र आलं. पण तिसऱ्या वर्षी विमा कंपनीच्या माणसानं सांगितलं की एवढी खोकी आणि भुसा असताना गाळ्यात उघडी ज्योत चालणार नाही. तेव्हा सोनल ठाण्याहून बॅटरीची पणती घेऊन आली. हुबेहूब मातीची, वर प्लास्टिकची ज्योत, ती लुकलुकायचीसुद्धा.

"काका, आता ही वापरायची हं. देवाला काय, भावना पोचल्याशी कारण."

धोंडीबानं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. समोर सोनल, सुदेश, तिसरा कामगार सिद्धेश, तिघं उभे. त्या घटकेला त्यानं तोंड उघडलं असतं, नुसतं 'पोरी, हे देवाचं न्हाई' एवढं म्हटलं असतं, तरी मला आज हे लिहायचं कारण पडलं नसतं. तो म्हणाला, "बघू." बॅटरीची पणती फळीवर ठेवली. आपली तेलाची त्यानं बारदानाखाली लपवली आणि चोथा काढायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन तीच सोडत राहिला. मला त्या म्हाताऱ्याची कीव येते आणि रागही येतो. दोन्ही खरं आहे.

एप्रिलमध्ये त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, कल्याणला. डोळ्यावर पट्टी, आठ दिवस वाकायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. तो सुदेशला म्हणाला, "मधला हौद माझ्याशिवाय उघडू नका."

"हो मामा, काळजी करू नका."

पण मधला हौद उठवलेला होता, त्यातली वाइन स्वानंदच्या हिशेबानं उपसायच्या दिवसाला आली, आणि मागून दुसरा माल यायचा होता. स्वानंद नाशिकला गेलेला. त्यानं फोनवर सांगितलं, "वाइन काढून घ्या, चोथा उद्यापर्यंत निघाला तर बरं." वाइन काढली. हौद कसा गार, शांत. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सुदेशनं आधी रीतसर कडेला हळदीकुंकू वाहिलं. मामाचा विधी मोडायचा नाही, एवढी त्याची श्रद्धा. मग फळीवरची पणती घेतली, बटण दाबलं आणि डब्यातून तळाला सोडली. त्याचा फोटो काढून त्यानं समीक्षाला पाठवला.

समीक्षा तेव्हा बापाच्या उशाशी बसून त्याच्या डोळ्यात थेंब घालत होती.

"बाबा, बघा ह्यांनी काय पाठवलंय. तुमची पूजा केलीये. पणती सोडलीये मधल्या हौदात."

धोंडीबा उठून बसला. "मधला? जळतीय न्हवं?"

समीक्षानं फोटो मोठा करून पाहिला. "हो बाबा, मस्त जळतेय."

"तळाला?"

"अगदी तळाला. पडा तुम्ही."

धोंडीबा पडला. फळीवरची प्लास्टिकची ज्योत त्याच्या मनातही आली नाही. त्याला हायसं वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला की जावयानं हात जोडून रीत पाळली.

सुदेश शिडीच्या पाचव्या पायरीपर्यंत बोलत होता, असं सिद्धेशनं नंतर सांगितलं. मग आवाज बंद झाला आणि खाली चोथ्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. सिद्धेश त्याच्या मागं उडी घालायला निघाला, तर सोनलनं त्याच्या कमरेला मिठी घातली आणि आगीचा बंब येईपर्यंत सोडली नाही. त्या मिठीमुळे एकच मेला. वर काढला तेव्हा सुदेश डोक्यापासून पायापर्यंत लालभडक वाइननं भिजलेला होता. बॅटरीची पणती तळाला पेटलेलीच होती.

दिवस झाले. घरात समीक्षा एकच प्रश्न घेऊन बसली होती. "पणती जळत होती, बाबा. मी स्वतः बघितली. ह्यांनी देवाचं सगळं केलं, मग देवानं असं का केलं?"

उत्तर धोंडीबाच्या जिभेवर होतं. पण ते बाहेर काढलं तर त्या 'मस्त जळतेय'चं काय होणार, हे त्याला दिसत होतं. सोळाव्या वर्षी 'उतर तू' म्हणून तो जे घेऊन जगला, तेच पोरीच्या गळ्यात पडणार. आपल्याला एक भाऊ जड झाला, हिला तर नवरा. तो गप्प राहिला. ह्या वेळी निदान गप्प राहण्यात माया होती, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

पण गप्प राहिलं तर दुसरेच बोलतात. स्वानंदच्या वकिलानं लिहून दिलं की कामगार परवानगीशिवाय आत उतरला आणि त्याच्या अंगाला वाइनचा वास येत होता. स्वानंदनं मान खाली घालून सही केली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. ठाकुर्लीत ती बातमी पोचायला दोन दिवस पुरले. वाइनच्या कारखान्यातला माणूस वाइनच्या हौदात मेला, म्हणजे प्यायलेलाच असणार, याला पुरावा कशाला? तपासाचा रिपोर्ट यायला महिने लागणार होते. एका दुपारी श्रिया शाळेतून आली आणि दप्तर न काढताच आजोबांसमोर उभी राहिली.

"आजोबा, पप्पा बेवडे होते का? व्हॅनमधल्या काकू विचारत होत्या."

धोंडीबानं तिला जवळ घेतलं. त्याचा नवा डोळा त्या दिवशी पहिल्यांदा भरून वाहिला.

त्याच आठवड्यात सरकारी अधिकारीबाई गाळ्याच्या तपासणीला आल्या. घरच्यांनाही बोलावलं होतं. पोलिसांनी सील केलेला गाळा उघडला, मधल्या हौदात चोथा तसाच कुजत होता. स्वानंद कोपऱ्यात, वकील पुढे, सोनल आणि सिद्धेश भिंतीला टेकून. समीक्षा बापाच्या मागे उभी होती.

वकील वासाबद्दल बोलत होते. धोंडीबा मध्येच म्हणाला, "बाई, मला एक दाखवायचंय."

इतक्या माणसांत तो आपणहून बोलला, म्हणून समीक्षानं चमकून वर पाहिलं.

त्यानं बारदानाखालून आपली पणती काढली, तेल घातलं, वात लावली. आधी फळीवर परत आलेली बॅटरीची पणती बटण दाबून सुतळीला बांधली आणि हौदात सोडली. सगळ्यांनी वाकून पाहिलं. तळाला लुकलुकत होती. ती वर घेतली आणि तेलाची सोडली. हौदाच्या तोंडातून जेमतेम दोन हात खाली गेली आणि फुंकर घालावी तशी विझली.

"माझा जावई पीत नव्हता," धोंडीबा म्हणाला. "खाली हवा नव्हती. हा दिवा देवाचा न्हाई. कधीच नव्हता. आत माणूस जगंल का, ते बघायचा हा दिवा. मी सगळ्यांना देवाचं म्हणून सांगितलं."

आणि मग त्यानं दादाचं सांगितलं. पेव, कंदील, निम्मं उरलेलं तेल, 'उतर तू'. अडखळत, थांबत, मध्येच गावाकडच्या बोलीत जात. चाळीस वर्षांचं बोलणं दहा मिनिटांत संपलं. स्वानंद खाली बसला आणि म्हणाला, "मला माहीत होतं, बाई. मला वाटलं, सगळ्यांनाच माहीत आहे." वकिलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला तो त्यानं झटकला. अधिकारीबाईंनी लिहून घेतलं. दिव्याच्या भरवशावर माणूस उतरवणंच चूक आहे, मीटर हवं, दोर हवा, वर पहारा हवा, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं खरंच होतं. सुदेशच्या नावावरचा डाग त्या कागदावर पुसला गेला.

समीक्षानं बापाच्या हातातून काड्यापेटी घेतली. पणती पेटवली, सुतळीनं हौदात सोडली. विझली. वर ओढली, पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. विझली. तिसऱ्या वेळी सोनल पुढं झाली, तिला समीक्षानं हातानंच थांबवलं. तिसरीही विझली तेव्हा तिनं सुतळी नीट गुंडाळली आणि पणतीतलं तेल जमिनीवर ओतून टाकलं.

"तुम्ही मला विचारलंत, जळतेय का," ती म्हणाली. "मी हो म्हटलं."

"तुला काय ठाऊक होतं, बाळा. चूक तुझी न्हाई."

"नाहीच. तुम्हाला ठाऊक होतं. आणि आता मलापण माहीत आहे मी काय बोलले ते."

ती गाळ्याबाहेर आली. धोंडीबा तिच्या मागोमाग. रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती, रिक्षा मिळत नव्हती. दोघं बराच वेळ धुळीत उभे राहिले. सायलेन्सरवाल्याची ठोकाठोक चालू होती. शेवटी समीक्षा त्याच्याकडे न बघता म्हणाली, "श्रिया मोठी होईल, बाबा. विचारेल. पणती जळत होती तरी पप्पा कसे गेले, मम्मी काय म्हणाली होती, सगळं विचारेल. तेव्हा मी काही बोलणार नाही. तुम्ही सांगायचं. तुमच्या दादापासून सगळं."

धोंडीबानं मान हलवली.

"मान हलवू नका. तोंडानं बोला."

धोंडीबाचे ओठ दोनदा नुसतेच हलले. मग तो म्हणाला, "सांगीन."